खान्देशातून देवमासा पाहण्यास निघणाऱ्या गटासाठी मार्गदर्शन

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या मित्रमंडळाने, निवृत्त शिक्षकांच्या गटाने किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून देवमासे पाहण्यासाठी समुद्रावर जायचे ठरवले, तर तिकिटे काढण्याआधी आपण नेमके काय पाहू शकतो याचा विचार सर्वांनी एकत्र बसून करावा. महाराष्ट्राच्या समुद्रात देवमासा आहे, याविषयी शंका नाही. मे २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात निळ्या देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू संशोधकांना दिसले होते, आणि ब्रायड्स व्हेल या जातीचे देवमासेही याच जिल्ह्याच्या समुद्रात नोंदले गेले आहेत. तरीही सकाळी होडीत बसलो आणि देवमासा दिसला, असे येथे सहसा घडत नाही. बऱ्याच खात्रीने दिसतो तो हिंदी महासागरातील हंपबॅक डॉल्फिन. तो देवमाशांच्याच मोठ्या गणातला प्राणी असून उथळ पाण्यात, किनाऱ्यापासून फार दूर न जाता राहतो. डॉल्फिन हे सहलीचे मुख्य प्रयोजन आणि देवमासा हा योग, असे मनाशी धरून निघालेला गट आनंदाने परततो, असे माझे ठाम मत आहे.

यामागचे कारण समुद्रतळाच्या रचनेत आहे. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला भूखंडमंच किंवा समुद्रबूड जमीन म्हणून शिकलो, ती किनाऱ्यालगतची उथळ पाण्याखालची जमीन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळ रुंद आहे. मुंबईसमोर ती सर्वांत रुंद असून दक्षिणेकडे अरुंद होत जाते. त्यामुळे खोल पाणी किनाऱ्यापासून दूर पडते, आणि खोल पाण्याच्या कडेने वावरणारे मोठे देवमासे लहान होडीच्या टप्प्यात क्वचितच येतात. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक हे पाण्याखालचे पठार आहे. तिकडे देवमाशांचा वावर आढळला असला, तरी ते पर्यटक होडीने गाठण्याचे ठिकाण नव्हे. याउलट श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा येथे हा मंच इतका अरुंद आहे की खोल पाणी बंदरापासून जवळच लागते, आणि म्हणून डिसेंबर ते एप्रिल या काळात तेथे निळे देवमासे नियमितपणे दिसतात. ज्या गटाला देवमासाच पाहायचा आहे, ज्यांचे पासपोर्ट तयार आहेत आणि खर्चाची तयारी आहे, त्यांनी मुंबईहून विमानाने कोलंबो आणि तेथून रस्त्याने मिरिस्सा, असा बेत करावा. बाकीच्यांसाठी मालवण, देवबाग, भोगवे, निवती आणि वेंगुर्ले हा पट्टा योग्य आहे, आणि पुढील मजकूर त्यालाच धरून आहे.

काळ निवडताना नोव्हेंबर ते मार्च हा अवधी पक्का धरावा. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा लवकर सुटतो. दिवाळीची सुटी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत समुद्रावर होड्यांची इतकी गर्दी असते की डॉल्फिनही दूर जातात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मालवण तालुक्यात आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते, आणि ती जाहीर होताच कोकण रेल्वेची तिकिटे व निवासाच्या खोल्या भरून जातात. त्यामुळे आपली तारीख ठरवण्याआधी जत्रेची तारीख अवश्य विचारून घ्यावी.

भुसावळ-जळगावकडच्या मंडळींना मंगला एक्स्प्रेस ही कल्याण-पनवेलमार्गे थेट कोकण रेल्वेवर नेणारी गाडी आहे. तिचे थांबे चालू वेळापत्रकात पाहून कणकवली, कुडाळ किंवा जवळच्या सोयीच्या स्थानकाचे तिकीट काढावे. धुळेकरांनी चाळीसगाव गाठावे आणि तेथून कल्याणमार्गे पुढे जावे. नंदुरबारकरांना मुंबईच्या गर्दीत शिरण्याची गरज नाही, कारण गुजरातकडून कोकणात जाणाऱ्या गाड्या सुरत आणि वसई रोडमार्गे पनवेलकडे वळतात. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि दहा-पंधरा जणांच्या गटाने त्याच दिवशी ते करून टाकलेले बरे. समुद्रावर किमान तीन सकाळी मिळतील असा मुक्काम ठेवावा. एकाच सकाळीचा बेत केला आणि त्या दिवशी वारा उठला, तर एवढा लांबचा प्रवास वाया जातो.

आता ज्या तयारीकडे बहुतेक गट दुर्लक्ष करतात, तिच्याविषयी सविस्तर लिहितो. देवमासा पाहण्यात गटाचे खरे बळ त्याच्या डोळ्यांच्या संख्येत असते, आणि ते डोळे एकाच दिशेला वळले की ते बळ संपते. समुद्रावर काहीही दिसले नाही की सर्वजण तांडेलाकडे, म्हणजे होडी चालवणाऱ्याकडे, पाहू लागतात, आणि त्याच वेळी मागच्या बाजूला पाण्यावर आलेली पाठ कुणाच्याही नजरेला न पडता बुडून जाते. म्हणून होडीभोवतीचे वर्तुळ आधीच वाटून घ्यावे. होडीचे पुढचे टोक म्हणजे घड्याळातील बारा, उजवी बाजू तीन, मागची सहा आणि डावी नऊ, असे मानून प्रत्येकाला घड्याळातील दोन-तीन आकड्यांमधला पट्टा द्यावा. ज्याला काही दिसेल त्याने "चार वाजता, लांब" किंवा "दहा वाजता, जवळ" एवढेच स्पष्ट सांगावे. "तिकडे, तिकडे" अशा ओरडण्याने कोणालाच दिशा कळत नाही. वीस मिनिटांनी पट्टे बदलावेत, म्हणजे डोळे थकत नाहीत आणि उन्हाची तिरीप एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही.

या सरावासाठी समुद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. भुसावळजवळ तापीवरील हतनूर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने येतात, आणि धुळेकरांना नकाणे तलाव हाताशी आहे. एखाद्या रविवारी सकाळी सर्वांनी तेथे जाऊन दुर्बिणीची सवय करावी, पाण्याचे पट्टे वाटून घ्यावेत आणि बुडी मारणारा पाणकावळा पुन्हा कोठे वर येतो, याचा अंदाज बांधावा. प्रथम उघड्या डोळ्यांनी पट्टा संथपणे चाळायचा, काही हलले की नजर न हटवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, ही एकच सवय जमली तरी सराव सार्थकी लागला. दुर्बीण सात किंवा आठ पट मोठे दाखवणारी असावी, कारण दहा पटीच्या दुर्बिणीत हलत्या होडीवर चित्र स्थिर राहत नाही. याच सरावात ज्यांना पोहता येत नाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. आपल्या भागात पुष्कळ जणांचा मोठ्या पाण्याशी संबंध आलेला नसतो, आणि ती भीती होडीत बसल्यावर उघड होण्यापेक्षा घरी उघड झालेली चांगली.

होडी ठरवताना परवाना, प्रवाशांची मंजूर संख्या आणि प्रत्येकासाठी अंगाला बसणारे लाइफ जॅकेट, या तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. मंजूर संख्येइतकी माणसे भरू नयेत. दोन जागा मोकळ्या राहिल्या तर सर्वांना वळून पाहता येते. पैशाचा व्यवहार ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. "डॉल्फिन दाखवला तरच पैसे" असा सौदा गिऱ्हाइकाच्या फायद्याचा वाटतो, परंतु त्यामुळे तांडेलावर प्राणी दाखवण्याची सक्ती होते, तो कळपाच्या मागे होडी दामटतो, कळप बुडी मारून निघून जातो आणि शेवटी नुकसान आपलेच होते. म्हणून माणशी दर न ठरवता संपूर्ण होडी तासांच्या हिशेबाने घ्यावी, आणि काही दिसो वा न दिसो, ठरलेली रक्कम पूर्ण देऊ, असे आदल्या संध्याकाळी तांडेलाला सांगावे. आम्हाला घाई नाही, दूर थांबून पाहायचे आहे, हे ऐकल्यावर अनुभवी तांडेल स्वतःहून संथ चालतो आणि मासळी कोठे लागली आहे, पक्षी कोठे घिरट्या घालत आहेत, हे सांगू लागतो. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

निघण्याची वेळ उजाडतानाची ठेवावी. सकाळी वारा मंद असतो आणि पाणी सपाट असते. शिवाय आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचे ऊन पाठीमागून येते व समोरचे पाणी स्पष्ट दिसते, तर दुपारनंतर तेच पाणी डोळ्यांवर चमकते. लाटांचे माथे पांढरे फुटू लागले, की लहान पाठ आणि लाट यांतील फरक कळेनासा होतो. अशा वेळी परतणे हाच शहाणपणा होय. समुद्र धोक्याचा आहे असे तांडेल म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये.

खाण्याच्या बाबतीत आपल्या लोकांनी थोडा संयम ठेवावा. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी किंवा भरपूर तेलाचे काही खाऊन पहाटे होडीत बसले, तर मळमळ जवळजवळ ठरलेली असते. पण पूर्ण उपाशीपोटीही ती होते, आणि मधुमेही मंडळींना तसे जाणे धोक्याचे आहे. घरून नेलेल्या दशम्या यासाठी उत्तम, कारण त्या कोरड्या असतात, टिकतात आणि पोटाला जड होत नाहीत. ज्यांना प्रवासात त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी घ्यावी, होडीच्या मध्यभागी बसावे, क्षितिजाकडे पाहावे आणि मोबाइलमध्ये डोके घालू नये. खान्देशातील पंचेचाळीस अंशांचे ऊन सोसलेल्या माणसाला कोकणातला तीस-बत्तीस अंशांचा उकाडा किरकोळ वाटतो. परंतु त्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातील पाणी नकळत कमी होते, म्हणून पाणी वारंवार प्यावे. शाकाहारी मंडळींनी मुक्कामाच्या ठिकाणी आधीच कळवून ठेवले, की स्वयंपाक वेगळा मिळण्यास अडचण येत नाही.

समुद्रावर पहिली खूण बहुधा पक्षी देतात. कुरव आणि सुरय यांचे थवे एका जागी पाण्यात सूर मारताना दिसले, तर खाली लहान माशांचा थवा आहे आणि त्याच्या मागे डॉल्फिन किंवा देवमासा असू शकतो, असे समजावे. हंपबॅक डॉल्फिन ओळखण्यास सोपा आहे, कारण त्याच्या पाठीवरचा पर, म्हणजे कल्ला, एका मांसल उंचवट्यावर बसलेला असतो. देवमाशाचा मात्र प्रथम फवारा दिसतो. निळ्या देवमाशाचा फवारा नऊ मीटर किंवा त्याहून उंच उभा जातो, पाठ लांबच लांब सरकत राहते आणि छोटासा पर अगदी मागे, शेवटी दिसतो. ब्रायड्स व्हेल साधारण बारा ते पंधरा मीटर लांब असतो, त्याचा पर मागे वाकलेला व ठळक असतो, आणि जवळून पाहता आल्यास डोक्यावर तीन समांतर कंगोरे दिसतात. बुडी घेताना तो सहसा शेपूट बाहेर काढत नाही. बुडी पाच ते पंधरा मिनिटांची असू शकते, म्हणून तो दिसेनासा झाल्यावर लगेच होडी पुढे न नेता घड्याळ लावून, आपापल्या पट्ट्यावर नजर ठेवून थांबावे. गटाची कसोटी याच वेळी लागते.

जवळ जाण्याचा मोह अनावर होतो, म्हणून मर्यादा किनाऱ्यावरच ठरवून घ्यावी. देवमाशापासून शंभर मीटर आणि डॉल्फिनपासून पन्नास मीटर हे अंतर राखावे. समोरून आडवे जाऊ नये, थेट पाठलाग करू नये, बाजूने समांतर आणि संथ चालावे. कळपाच्या मधोमध होडी घालू नये, आणि आई व पिल्लू यांच्यामध्ये तर कधीच येऊ नये. प्राणी स्वतःहून जवळ आला तर इंजिन निष्क्रिय ठेवून शांत बसावे. गटाच्या दोन होड्या असतील तर एका कळपाजवळ एका वेळी एकच असावी, आणि वीस-तीस मिनिटांनंतर तेथून निघावे. हे सर्व प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण आहे. किनाऱ्यावर कोणी देवमाशाची उलटी म्हणून काही विकू लागला, तर ती हातातही घेऊ नये. तिची खरेदी-विक्री भारतात गुन्हा आहे.

वाळूत अडकलेला जिवंत प्राणी आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि समुद्रात माणसांवर संकट आल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले होते आणि पुष्कळ प्रयत्नांनंतरही ते वाचले नाही. अशा वेळी शेपटीला धरून ओढू नये, डोक्यावरील श्वासछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, ओल्या कापडाने अंग गार ठेवावे आणि बघ्यांना दूर ठेवावे. दहा-पंधरा जणांचा गट निदान एवढे नक्की करू शकतो.

गटातील एकाने वही सांभाळावी. होडी निघाल्याची व परतल्याची वेळ, वाऱ्याची स्थिती, प्राणी दिसला तेव्हाची वेळ, मोबाइलवरील अक्षांश-रेखांश, अंदाजे संख्या, पिल्ले होती का, आणि ते कोणत्या दिशेने गेले, एवढ्या नोंदी पुरेत. छायाचित्र काढताना उडीपेक्षा पाठीवरच्या पराचे बाजूने घेतलेले स्पष्ट चित्र अधिक मोलाचे, कारण परावरील खाचा व डाग यांवरून संशोधक एकेक डॉल्फिन ओळखतात. भारतातील सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदी गोळा करणारे मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडिया हे संशोधकांचे जाळे सामान्य लोकांकडूनही माहिती घेते. तेथे या नोंदी छायाचित्रांसह पाठवाव्यात. ज्या सकाळी काहीच दिसले नाही, त्या सकाळीचे तास आणि मार्गही वहीत लिहावेत, कारण किती तास शोधल्यावर किती प्राणी दिसले हे कळल्याशिवाय नुसत्या दिसलेल्या प्राण्यांच्या आकड्यावरून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधता येत नाही.