गोव्यात राहून टॅनेजर कुळाचा अभ्यास कसा करावा

काजू हा शब्द पोर्तुगीजांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांच्या भाषेतून उचलला आणि सोळाव्या शतकात झाडाबरोबर तो गोव्यात आणला. अननसाचे नावही दक्षिण अमेरिकेतील त्याच भाषासमूहातून आपल्याकडे पोहोचले. त्याच तुपी भाषेतील ‘तांगारा’ या शब्दावरून उष्णकटिबंधीय अमेरिकेतील एका मोठ्या पक्षिकुळाला टॅनेजर हे नाव मिळाले, मात्र ते पक्षी काही आपल्याकडे आले नाहीत. त्यांचा अभ्यास आपल्याला छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि पुस्तके यांच्या आधारानेच करावा लागतो. तरीही गोव्यातील पक्षी बारकाईने पाहणाऱ्याला हे कुळ इतरांपेक्षा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे. अंत्रुज महालातील (फोंडा भागातील) एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, मी मुलांना पक्षी दाखवतो, तेव्हा ज्या क्रमाने हा विषय मांडतो तोच क्रम येथे देत आहे.

आरंभी ‘गायक पक्षी’ या संज्ञेचा शास्त्रीय अर्थ निश्चित करून घ्यावा. गोड गाणारा तो गायक पक्षी, असा तिचा अर्थ नाही. फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या पॅसेरिफॉर्मीस या गणात दोन मोठ्या शाखा आहेत. त्यांपैकी ज्या शाखेत कंठातील ध्वनियंत्राचे स्नायू अधिक गुंतागुंतीचे असतात आणि पिल्ले ऐकून गाणे शिकतात, ती गायक पक्ष्यांची शाखा होय. आपला नवरंग फांदीवर बसणाऱ्यांच्याच गणातील आहे, पण तो दुसऱ्या शाखेत मोडतो. टॅनेजर पहिल्या शाखेतले आहेत, जरी त्यांच्यापैकी अनेकांचे गाणे बारीक आणि साधे असते. येथे नावाचा एक घोळही ध्यानात ठेवावा. आजच्या ब्राझीलमध्ये ‘तांगारा’ म्हणून ज्या नाचऱ्या पक्ष्याला ओळखतात, तो मॅनकिन कुळातील असून नवरंगाच्या शाखेकडचा आहे. आपण ज्यांना टॅनेजर म्हणतो त्यांना तेथील लोक ‘साइरा’ किंवा ‘सान्यासू’ म्हणतात. म्हणून नावावरून नाते ठरवण्याची सवय पहिल्याच दिवशी सोडून द्यावी.

त्यानंतर वही घेऊन एक सकाळ कुळागरात आणि एक सकाळ खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधावर घालवावी. पानाच्या डाव्या बाजूला पक्षी काय खातो ते लिहावे, मध्ये चोचीचा आकार रेखाटावा आणि उजव्या बाजूला त्याचे कुळ लिहावे. जास्वंदीवर शिंजीर येतो, चोच लांब, बारीक आणि वाकडी, कुळ सूर्यपक्ष्यांचे. आंब्यावर वाढलेल्या बांडगुळाची फळे फुलटोच्या खातो, चोच आखूड, कुळ त्याचे स्वतःचे. पिकल्या भातावर मुनियांचा थवा उतरतो. चोच जाड आणि शंकूसारखी. कुळ आणखी निराळे. हवेतल्या हवेत किडे टिपणाऱ्या माळभिंगरीचे तोंड रुंद असते आणि तिचेही कुळ स्वतंत्र आहे. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की एक गोष्ट आपोआप दिसू लागते. गोव्यात अन्न मिळवण्याचे धंदे निरनिराळ्या घराण्यांनी वाटून घेतले आहेत, आणि म्हणूनच चोच पाहून कुळ ओळखणे आपल्याकडे बरेचदा जमून जाते.

आता त्याच पानाशेजारी टॅनेजर कुळाचे पान तयार करावे. थ्राउपिडी असे शास्त्रीय नाव असलेल्या या कुळात सुमारे ३८० जाती आहेत, म्हणजे जगातील पक्ष्यांच्या साधारण तीसपैकी एक जात या एकाच कुळातील आहे. यांतील बहुतेक जाती दक्षिण अमेरिकेत राहतात आणि अँडीज पर्वताच्या उतारांवर त्यांची विशेष दाटी आहे. या कुळातील हनीक्रीपर आपल्या शिंजिरासारखा बारीक, वाकड्या चोचीने मध पितो. सीडईटर मुनियाप्रमाणे गवताच्या ताटाला धरून बी सोलतो. स्वॅलो टॅनेजर रुंद चोचीने उडते किडे पकडतो आणि वेड्या राघूसारखा मातीच्या दरडीतील बिळात घरटे करतो. फ्लॉवरपियर्सरची वरची चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली असते. तो तिने फूल धरून ठेवतो, खालच्या टोकदार चोचीने फुलाच्या बुडाला भोक पाडतो आणि परागकणांना स्पर्शही न करता मध चोरतो. जास्वंदीच्या देठाजवळ भोक पाडणारा शिंजीर ज्याने पाहिला आहे, त्याला ही चोरी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे जे धंदे अनेक कुळांत विभागले गेले, ते तिकडे एकाच कुळातील भावंडांनी स्वीकारले. चोच धंदा सांगते, घराणे सांगत नाही, हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

चोच इतकी अविश्वसनीय का ठरते, याचे उत्तर याच कुळातील एका प्रसिद्ध गटाने दिले आहे. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन गालापागोस बेटांवर गेला, तेव्हा तेथून त्याने जमवलेले छोटे पक्षी त्याला निरनिराळ्या गटांतले वाटले होते. १८३७ मध्ये लंडनमध्ये जॉन गूल्ड याने ते तपासून एकमेकांचे निकट आप्त असल्याचे दाखवले. ‘डार्विनचे फिंच’ या नावाने ओळखले जाणारे हे पक्षी आज टॅनेजर कुळात गणले जातात. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर त्यांची मोजमापे घेतली. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या आणि मोठ्या, कठीण बियाच उरल्या; त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगले, आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने अधिक जाड निघाल्या. जो अवयव अन्नाच्या दबावाखाली इतक्या थोड्या काळात बदलू शकतो, त्याच्या आधारे लाखो वर्षांचे नाते ठरवायला जाणे धोक्याचे आहे.

मग विश्वास ठेवावा कशावर? माझ्या मते घरट्याकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत. गालापागोसचे फिंच वरून झाकलेले, बाजूला दार असलेले घुमटाकार घरटे बांधतात. कॅरिबियन बेटांवरील बागांत सर्रास दिसणारा बनानाक्विट बारीक, वाकड्या चोचीने मध पितो आणि पूर्वी त्याला एकट्यासाठीच वेगळे कुळ दिले जात असे. त्याचे घरटेही गोलसर आणि बाजूला दार असलेले असते. गवताचे बी खाणाऱ्या बहुतेक ग्रासक्विट पक्ष्यांचे घरटेही घुमटाकारच. चोचींवरून या तिघांना कोणी एकत्र ठेवले नसते, पण डीएनएच्या तपासणीने तिघांना एकाच उपकुळात आणले. भूक चोच बदलत राहिली, घर बांधण्याची रीत मात्र टिकून राहिली. उलट, कुळातील इतर बहुतेक जाती, त्यांत हनीक्रीपरही आले, उघड्या वाटीसारखे घरटे करतात, तर चोचीने त्याच्यासारखा दिसणारा आपला शिंजीर कोळ्याच्या जाळ्याने विणलेली लोंबती पिशवी करतो. म्हणून वहीत घरट्यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. अंडी-पिल्ले असलेल्या घरट्याजवळ मात्र जाऊ नये. दुर्बिणीतून दाराची दिशा आणि आकार तेवढे टिपावे.

दुसरी खूण पंखात सापडते. पंखाच्या टोकाकडील मोठी उड्डाणपिसे बहुतेक गायक पक्ष्यांत दहा असतात; टॅनेजरांत दहावे पीस इतके खुरटलेले असते की नऊच दिसतात. ही खूण एकट्या टॅनेजरांची नाही. खरे फिंच (गालापागोसचे नव्हेत, वेगळ्या फिंच कुळातले), भारीट, कार्डिनल आणि आपल्या ओहोळाकाठी शेपटी हलवत फिरणारा धोबी यांच्याही पंखांत नऊच पिसे दिसतात. शिंजिराचे दहावे पीस आखूड असले तरी दिसते. यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो आणि डीएनएनेही तो उचलून धरला आहे: मध पिणाऱ्या हनीक्रीपरला शिंजिरापेक्षा आपला धोबी अधिक जवळचा आहे. हे वाक्य मुलांना सांगितल्यावर पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही, आणि त्यासाठीच मी ते सांगतो.

कुळाच्या सीमा वाचताना जुन्या आणि नव्या पुस्तकांतील फरक सांभाळावा. १८४७ मध्ये जर्मन पक्षिशास्त्रज्ञ काबानिस याने हा गट मांडला, तेव्हापासून दीड शतकभर ‘अमेरिकेतील रंगीत, फळे खाणारा, मध्यम चोचीचा’ पक्षी दिसला की त्याला येथे टाकण्याची प्रथा होती. गेल्या तीन दशकांत जनुकीय क्रम तपासले गेल्यावर काही नामांकित सदस्य बाहेर गेले. उत्तर अमेरिकेतील लालभडक स्कार्लेट टॅनेजर आणि त्याचे जवळचे भाऊबंद कार्डिनल कुळात गेले. नाव मात्र टॅनेजरच राहिले. यूफोनिया नावाचे पक्षी खऱ्या फिंचांच्या कुळात गेले. त्यांच्यावर थोडे थांबावे असे मला वाटते, कारण बांडगुळाची फळे खाऊन त्याचे चिकट बी झाडाझाडावर नेण्याचे जे काम आपल्या आंब्या-काजूंवर फुलटोच्या करतो, तेच काम अमेरिकेतील रानांत यूफोनिया करतात. दोघांच्याही पोटातून ही फळे भराभर पुढे सरकतात आणि बी अखंड बाहेर पडते. काम एक, पण एक जण टॅनेजर नाही आणि दुसरा तर त्या कुळाच्या जवळपासही नाही. याउलट बनानाक्विट, सॅल्टेटर, सीडईटर आणि गालापागोसचे फिंच बाहेरून आत आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत वंशवृक्षाने या कुळाची १५ उपकुळांत विभागणी सुचवली. उपकुळांची नावे पाठ करण्याची घाई करू नये. कोण आत आले आणि कोण बाहेर गेले, एवढे आधी पक्के करावे.

रंगांच्या बाबतीत टॅनेजरांची ख्याती सार्थ आहे, परंतु रंग पाहताना त्याचे कारणही शोधावे. पिवळा आणि तांबडा रंग बहुधा अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो. निळा रंग द्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्याने दिसतो, आणि हिरव्यात अनेकदा या दोहोंची बेरीज असते. याची खात्री येथेच करून घेता येते. वाटेवर खंड्याचे निळे पीस पडलेले दिसले तर ते प्रकाशाकडे धरून आरपार पाहावे. निळा रंग नाहीसा होऊन पीस तपकिरी दिसते. पाहून झाल्यावर ते तेथेच ठेवून द्यावे. पॅराडाइज टॅनेजरमध्ये पोपटी डोके, निळे पोट, काळी पाठ आणि पाठीचा तांबडा खालचा भाग एकत्र दिसतात, आणि नर-मादी दोघेही सारखेच झळाळतात. त्याच्या शास्त्रीय नावात चिलीचा उल्लेख आहे, पण तो पक्षी चिलीत राहत नाही. सिल्व्हर-बीक्ड टॅनेजरमध्ये मात्र नर गडद मखमली रंगाचा, चांदीसारख्या खालच्या चोचीचा, तर मादी तपकिरी. तेव्हा ‘टॅनेजरचे नर रंगीत आणि माद्या फिक्या’ असा सरसकट नियम लिहू नये. लाल पायांच्या हनीक्रीपरचा नर वीण संपल्यावर निळा वेश टाकून हिरवट होतो. आपला जांभळा शिंजीरही वीण सरल्यावर फिका होतो आणि छातीवरून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा ठेवतो. ही सवय दोघांनी स्वतंत्रपणे मिळवली आहे, म्हणून ती नात्याच्या रकान्यात न लिहिता सवयीच्या रकान्यात लिहावी.

कोणतीही यादी वापरताना ती कोणत्या वर्षाची आहे ते शीर्षस्थानी नोंदवावे, कारण आंतरराष्ट्रीय याद्या नियमितपणे सुधारल्या जातात. हा बदल दूरदेशीच्या पक्ष्यांपुरता नाही. मोले आणि बोंडल्याच्या रानात दिसणारा, काळ्या डोक्याचा आणि तांबड्या कंठाचा पिवळा बुलबुल हा गोव्याचा राज्यपक्षी आहे. जुन्या पुस्तकांत त्याला दूरवर पसरलेल्या एका जातीची केवळ उपजात मानले होते. पुढे त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आणि नव्या याद्यांत त्याची प्रजातीही (जातीच्या वरचा गट) बदलली. पक्षी तोच आहे, रान तेच आहे. आपली नात्याची समज तेवढी सुधारली.

एवढी तयारी झाल्यावर हिवाळ्याची वाट पाहावी. भात कापून झालेल्या शेतांत काळ्या डोक्याचे, पिवळ्या पोटाचे भारीट कधी कधी थव्याने उतरतात. धोब्यापेक्षाही हे भारीट टॅनेजर कुळाला जवळचे आहेत, आणि गोव्यात ज्यांची भेट होऊ शकते अशा पक्ष्यांत त्या कुळाचे याहून निकटचे आप्त नाहीत. सकाळचे ऊन पाठीशी घेऊन बांधावर बसावे, थवा स्थिरावू द्यावा, आणि एखादा पक्षी पंख ताणून झटकेल त्या क्षणाचे छायाचित्र मिळाल्यास घरी येऊन टोकाकडील पिसे मोजावीत. मग त्याच पानावर, त्याच्या शेजारी, सीडईटरचे चित्र काढायला घ्यावे.