स्वस्तातला गेमिंग पीसी : यादी मॉनिटरपासून सुरू करा

माझ्याकडे तपासायला येणारी जवळजवळ प्रत्येक यादी प्रोसेसरपासून सुरू होते. भाचे, त्यांचे मित्र, त्या मित्रांचे आणखी कुणी. "मामा, एवढं नजरेखालून घाला" म्हणून पाठवतात. पहिल्या ओळीत आठ कोरचा प्रोसेसर, दुसऱ्या ओळीत दिव्यांचा मदरबोर्ड, आणि ग्राफिक्स कार्ड उरलेल्या पैशांत बसेल ते. मॉनिटर शेवटच्या ओळीत, बऱ्याचदा नसतोच. मी यादी बाजूला ठेवतो आणि विचारतो, स्क्रीन कुठला आहे आणि खेळणार काय?

हे दोन प्रश्न सुटले की अर्धी यादी आपोआप लिहून होते. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर जवळपास ३७ लाख आणि ४के वर ८३ लाख. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमला (एकेका चित्राला) हे सगळे रंगवायचे असतात, म्हणजे १०८०पीवरून ४केला उडी मारली की पिक्सेल चौपट. हात आखडता असेल तर १०८०पी घ्या आणि त्यात १४४ हर्ट्झचा आयपीएस (पडद्याची एक जात) मॉनिटर बघा. आधीच घरात ६० हर्ट्झचा पडून असेल तर तोच ठेवा, पण मग १५० एफपीएस (सेकंदाला तितक्या फ्रेम) देणाऱ्या कार्डाच्या मागे लागू नका. तो स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार.

खेळायचं काय, यावर प्रोसेसरचं वजन ठरतं. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' सारख्या नेमबाजीच्या खेळांत फ्रेम शेकड्यांत हव्या असतात आणि तिथे प्रोसेसर दमतो. 'सायबरपंक २०७७' सारख्या जड खेळांत बहुतेक वेळा कार्ड दमतं. सगळंच थोडंथोडं खेळणार असाल, आणि बहुतेक जण तेच करतात, तर नुसत्या डब्याच्या खर्चातले ३५ ते ४५ टक्के ग्राफिक्स कार्डाला आणि १५ ते २० टक्के प्रोसेसरला, हा माझा ढोबळ हिशेब. मॉनिटर यात धरलेला नाही.

आता कार्ड. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, आणि ती नावातल्या शेपटामुळे होते. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डं बाजारात दिसतात, ८ जीबी आणि ६ जीबी. वाटतं, फरक फक्त मेमरीचा. तसं नाही. ८ जीबीवाल्यात २५६० कोर आणि १२८ बिटची मेमरी (बिट म्हणजे मेमरीच्या वाटेची रुंदी), ६ जीबीवाल्यात २३०४ कोर आणि ९६ बिटची. ते वेगळंच, हळू कार्ड आहे. त्याचा एक गुण मात्र मान्य: ते ७० वॉटवर चालतं आणि बहुतेक मॉडेलना एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे ऑफिसातून निघालेल्या जुन्या डब्यात बसवायला बरं. आरटीएक्स ३०६० चं तसंच: १२ जीबीवालं १९२ बिटचं, ८ जीबीवालं १२८ बिटचं. जीटी १०३० चा डीडीआर४ मेमरीचा अवतार तर वेगवान जीडीडीआर५ मेमरीवाल्याच्या जवळपासही जात नाही, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोन्हीकडे नाव तेच. म्हणून दुकानदाराला किंवा साइटवर नुसतं "३०५० आहे का" विचारू नका. मेमरी किती, कुठल्या जातीची, किती बिट, हे तीन प्रश्न विचारा.

एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हेही असंच गोड दिसणारं कार्ड. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) चारच लेन आहेत. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर ते कसंबसं निभावतं, जुन्या ३.० च्या बोर्डावर त्याच चार लेनचा वेग निम्मा होतो. त्यात बहुतेक मॉडेलमध्ये मेमरी चारच जीबी. मेमरी भरली की कार्ड साध्या रॅमकडे धाव घेतं, तेही या अरुंद वाटेने, आणि खेळ झटके खायला लागतो. वर व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करायचा तर भार प्रोसेसरवर. स्वस्त आहे म्हणून स्वस्त नाही ते.

८ जीबीच्या खाली नवं कार्ड आज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि १२ मिळत असेल तर दोन पावलं पुढे जाऊन घ्यावं. ८ जीबीत आरएक्स ६६०० हे १३२ वॉटमध्ये १०८०पी नीट खेळवणारं कार्ड आहे. आरटीएक्स ४०६० त्याहून वेगवान असून ११५ वॉटच घेतं. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मिळते, पण त्याला बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतं आणि जुन्या प्रोसेसरच्या जोडीला ते रडतं. सहा-सात वर्षांच्या पीसीत टाकायला ते नको. रे ट्रेसिंग (खेळात प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढायचं तंत्र) कार्डाला झेपलं नाही तर बंद ठेवीन, असं म्हणून एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स कार्ड घेणाऱ्यांसाठी एक सूचना: २०२५ चा 'डूम : द डार्क एजेस' रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डांना आधारच देत नाही. अशी नावं आता वाढत जाणार.

दोन कार्डांत निवड अडली तर हा उपाय करा. तुम्ही खेळणार त्याच गेमच्या, त्याच रेझोल्यूशनच्या चाचण्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी बघा. सरासरी एफपीएस लिहून घ्या आणि त्याशेजारी 'एक टक्का लो' चा (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा) आकडाही. सरासरी ९० आणि लो ३५ असेल तर खेळताना अडखळणार. सरासरी ७५ आणि लो ६० असेल तर गुळगुळीत. मग किमतीला सरासरी एफपीएसने भागा. एका फ्रेमला किती मोजतोय ते समोर येतं आणि तीन पंख्यांच्या, चमचमत्या, 'ओसी' (ओव्हरक्लॉक, म्हणजे वेग वाढवलेलं) लिहिलेल्या मॉडेलचा मोह उतरतो. त्या कारखान्यातल्या ओव्हरक्लॉकने वाढणारा वेग इतका किरकोळ असतो की खेळताना डोळ्याला कळत नाही.

प्रोसेसरमध्ये ६ कोर, १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी १२ कामं) इतकं पुरतं. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ, दोन्ही जुने झालेत पण १०८०पीच्या कार्डाला कमी पडत नाहीत. नावाचं शेपूट इथेही वाचा. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आणि पीसीआयई ४.०. ५६००जी मध्ये १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. ५५०० मध्येही १६ आणि ३.०. म्हणजे ५५०० आणि वर सांगितलेलं चार लेनचं कार्ड ही जोडी जुळवली की दोघांचे दोष एकत्र नांदतात. 'जी' मध्ये आतलं ग्राफिक्स असतं, तो घ्यायचा तो फक्त कार्ड पुढच्या वर्षी घेणार असाल तर. इंटेलच्या 'एफ' मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही, एवढं ठाऊक ठेवून पैसे वाचवा. पैसे फारच तुटपुंजे असतील तर चार कोरचा आय३-१२१००एफ अजून चालतो, त्याखाली जाऊ नका.

आधीच पीसी आहे आणि नेमकं काय बदलावं कळत नसेल, तर खेळातलं रेझोल्यूशन खाली आणून बघा. एफपीएस भरभर वाढले तर कार्ड अडवत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर अडवतोय, नवीन कार्ड आणून फायदा नाही.

मदरबोर्ड घेताना पुढची तीन-चार वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) २०१६ चं, त्याला आता वरची वाट फारशी नाही, पण सगळं स्वस्त. एएम५ २०२२ मध्ये आलं आणि निदान २०२७ पर्यंत ते चालवू असं एएमडीने जाहीर केलंय. आज थोडं जास्त घालून नंतर फक्त प्रोसेसर बदलायचा असेल तर हा रस्ता. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी पिढी बसते, पुढची नाही. इंटेलसाठीच्या एच६१० च्या बोर्डावर रॅमचे दोनच खाचे असतात आणि एएमडीसाठीच्या ए५२० वर पीसीआयई ३.० च असतं, हे खरेदीआधी कळलेलं बरं. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज जुळवून देणाऱ्या भागावर) हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, नसलेल्या बोर्डावर ६५ वॉटचा प्रोसेसर चालेल, त्यावर मोठा चढवू नका. आणि जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर घालणार असाल तर बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) जुन्या प्रोसेसरशिवाय बदलून देणारं फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा, नाहीतर आधी बायॉस अपडेट करून मागा.

रॅम नेहमी दोन पट्ट्यांत. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन. एका पट्टीवर मेमरीची निम्मी वाट बंदच राहते. चार खाचे असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा. वेगाच्या आकड्याला भुलू नका. सीएलला (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते त्या आकड्याला) २००० ने गुणा आणि वेगाने भागा: डीडीआर४-३२०० सीएल१६ चं उत्तर १० नॅनोसेकंद, डीडीआर५-६००० सीएल३० चंही १०. डीडीआर५ चा खरा फायदा एकाच वेळी जास्त माल वाहण्यात आहे. २०२५ च्या शेवटापासून डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की रॅमचे भाव भडकले. त्यामुळे जुन्या पीसीतली चांगली डीडीआर४ हाताशी असेल तर तिच्याभोवती बोर्ड निवडणं मला सध्या शहाणपणाचं वाटतं. दोन्हींचे खाचे वेगळे. एकीच्या बोर्डात दुसरी बसत नाही.

एसएसडी एनव्हीएमई (पीसीआयईवरून चालणारी वेगवान जात), १ टीबी, टीएलसी. टीएलसी आणि क्यूएलसी या आतल्या चिपच्या जाती. क्यूएलसी स्वस्त मिळते पण भरत आली की लिहिताना तिचा वेग कोसळतो. पीसीआयई ३.० की ४.० यात खेळ उघडण्याच्या वेळेत जेमतेम फरक पडतो, तिथे पैसे वाचवा.

जिथे वाचवू नका तो भाग म्हणजे एसएमपीएस. एफपीएसमध्ये तो दिसत नाही, म्हणून यादीत सगळ्यात आधी कात्री त्याच्यावर पडते. खोक्यावरचे वॉट वाचू नका, बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॉट, म्हणजे ५५० लिहिलेला खरा बोलतोय. 'पाचशे वॉट' लिहून तिथे ३० अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि कार्डाच्या वाट्याला येणार फक्त ३६०. '८० प्लस'ची चिठ्ठी वीज किती वाया जाते एवढंच सांगते. आतले कपॅसिटर कसे आहेत, जास्त करंट गेला तर बंद पडतो का, हे सांगत नाही. वॉरंटी पाच वर्षांहून कमी असेल तर कंपनीचाच त्यावर विश्वास नाही असं मी धरतो.

किती वॉट लागतात? आरएक्स ६६०० चे १३२, ५६०० चे भरात ७६, बाकी सगळ्याला ५० धरा. अडीचशेच्या आसपास. तरी चांगला ५०० किंवा ५५० घ्या, कारण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी ठरल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं आणि कमजोर एसएमपीएस त्याच क्षणी मान टाकतो. ७५० ची गरज नाही. आणखी एक, हे लक्षात ठेवाच: मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. खाच सारखी दिसते, बसतेही, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. एका झटक्यात सगळे ड्राइव्ह जळू शकतात.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. पुढे दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये जुळवा. वर सांगितलेल्या प्रोसेसरांना खोक्यातला कूलर पुरतो.

वापरलेला माल घ्यावा का? प्रोसेसर बेलाशक घ्या, तो सहसा मरत नाही. कार्ड समोर चालवून दाखवलं तरच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून ते चलन कमावणं) संपलं आणि कार्डांचे ढीग विकायला आले. ती सगळीच वाईट नव्हती, पण पंखे झिजलेले असतात. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून कोर मोजा. आरएक्स ५८० म्हणून विकलेल्या कार्डात २३०४ ऐवजी २०४८ दिसले तर ते मुळात ५७० च्या तोलाचं आहे, भाव तसा करा. मग अर्धा तास जड खेळ लावून ठेवा, ठिपके-पट्टे दिसतात का बघा. वापरलेला एसएमपीएस मात्र फुकट मिळाला तरी नको. आणि जुना ऑफिस पीसी उचलणार असाल तर प्रोसेसरची पिढी विचारा: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं.

जोडणी झाली की मॉनिटरची वायर कार्डाला लावा, बोर्डाला नाही. माझ्याकडे येणाऱ्या "नवा पीसी हळू चालतो" या तक्रारींत ही पहिली. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिचा लिहिलेला वेग देणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० वरच धावत राहते. तिथेच रिसायझेबल बारही चालू करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चे १४४ हर्ट्झ करा. आपोआप होईलच असं नाही. नंतर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर, कार्डाची चाचणी तासभर, हे सगळं माल परत करायची मुदत चालू असतानाच. तोवर खोकी, फोम आणि बिलं टाकू नका.