‘अशी आमची आशा होती’ : घरातलं माणूस गेल्यावर करायच्या काही गोष्टी

गोव्यातल्या आमच्या दिवाडी बेटाला पूल नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने यावं लागतं. माझा मुलगा रोज तसाच यायचा. रात्री बोटीचं इंजिन ऐकू आलं की मी भात गरम करायला ठेवायची. तो २२ वर्षांचा होता. जूनमधल्या एका रात्री, पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर त्याची दुचाकी घसरली. त्याला आता सहा वर्षं झाली.

तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण “विश्वास ठेव” म्हणून जायचा. सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. मी चाचपडत जे शोधलं ते इथे लिहिते. मी मूळची नगरची, प्रोटेस्टंट घरातली. लग्न करून गोव्यातल्या कॅथलिक घरात आले आणि मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. त्यामुळे यात दोन्हीकडचं मिसळलेलं आहे. शुद्धतेची फार काळजी असणाऱ्यांनी माफ करावं.

पहिली गोष्ट, आधी भांडून घ्या. लहानपणापासून मला शिकवलेलं की दुःखातही देवाचे उपकार मानावेत. मी प्रयत्न केला, तोंडातून शब्द निघेना. मग एका रात्री बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली आणि तेरावं स्तोत्र समोर आलं. त्याची सुरुवातच ‘परमेश्वरा, कोठवर?’ अशी, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत वर येतच नाही, काळोखातच संपतं. इतकी वर्षं ही स्तोत्रं मी वाचत होते, पण बाजारात ओळखीच्या माणसाला नुसतं हसून पुढे जावं तशी. ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र केलं त्यांनी हे स्तोत्र गाळलं नाही, याचा मला फार आधार वाटला. म्हणजे देवासमोर असं बोललेलं चालतं.

करायचं ते असं. शाळेची दुरेघी वही घ्या. पहिल्या ओळीत देवाला हाक मारा, ज्या नावाने मारता त्या नावाने. मग तक्रार लिहा, तपशिलासकट. ‘मला दुःख झालं आहे’ असं मोघम नको. मी लिहिलं होतं, “त्याचा रेनकोट दाराला तसाच लटकतोय, तो त्याने त्या दिवशी नेला नव्हता, हे तुला माहीत होतं.” मग मागणी लिहा, जी असेल ती. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी भरवशाची एक ओळ येते. तुमच्याकडे ती नसेल तर जागा कोरी सोडा. माझ्या वहीत सात महिने ती जागा कोरी होती.

हे सगळं आपल्या भाषेत करा. चर्चमधल्या कोकणी प्रार्थना मला पाठ आहेत, पण रडू मात्र मराठीतच येतं. त्याची लाज वाटायची, मग आठवलं की फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने याच गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ते ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. परक्या मुलखातून आलेल्याने ही भाषा देवाशी बोलायला घेतली, तर नगरच्या बाईने का संकोचावं?

दुसरी गोष्ट सांत्वनाला येणाऱ्यांची. “देवाला चांगली फुलं आधी लागतात,” असं मला एका बाईने सांगितलं. मी म्हणाले, “मग त्याने स्वतःची बाग लावावी.” ती अजून माझ्याशी बोलत नाही. तुम्ही एवढं तोडून बोलू नका, पण मान डोलावण्याचीही सक्ती नाही. प्रेषित पौलाचं एक वचन अशा वेळी हमखास ऐकवतात, थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं. ते नीट वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं तो म्हणतो. शोकच करू नका, असं म्हणत नाही. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक असतं, तरी तो रडतो. त्याआधी मार्था आणि मरीया दोघींनीही त्याला तोंडावर ऐकवलेलं असतं की तुम्ही इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. तो कुणालाच गप्प बसवत नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस सात रात्री नुसते जमिनीवर बसून होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

तिसरी गोष्ट जेवणाची. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी ठेवलं, त्याला झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. मला चूल पेटवायची इच्छा नव्हती. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की नवरा चार पोय (पाव) घ्यायचा आणि चहाबरोबर मला एक खायलाच लावायचा. पहिले काही आठवडे हीच आमची भक्ती होती म्हणा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरकडे जायला विश्वासाची आडकाठी मानू नका. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो. मी गोळ्या घेतल्या, आठ महिने. प्रार्थनाही करत होते.

खरं सांगायचं तर प्रार्थना ‘मी’ करत नव्हते. सासू करायची. संध्याकाळी आंजेलची, म्हणजे चर्चमधली प्रार्थनेची, घंटा झाली की ती तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसायची. मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. ती म्हणाली, “तूं बस गो, हांव म्हणटां.” मी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसायची. ती ‘नमान मोरिये’ म्हणत जायची, पुन्हा आणि पुन्हा, मणी सरकत जायचे, आणि मी खडे बाजूला करायची. प्रोटेस्टंट घरात वाढल्यामुळे जपमाळ मला आयुष्यभर परकीच वाटली होती. त्या पावसाळ्यात तिनेच मला धरून ठेवलं. विश्वास उसना घेता येतो, हे मला तेव्हा कळलं. तुमच्यासाठी म्हणणारं एक माणूस शोधा आणि रोजची वेळ ठरवून त्याच्याजवळ नुसते बसा. हाताला काहीतरी काम असू द्या.

नवराबायकोचा शोक एकाच चालीने चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा. माझा नवरा रडला नाही, त्याने विहिरीचा पंप तीनदा उघडून बसवला.

चौथी गोष्ट, खरं म्हणजे सगळ्यांत कठीण, रविवारची घाई करू नका. येशू मेला तो गुड फ्रायडे आणि तो पुन्हा उठला तो ईस्टरचा रविवार, यांच्यामध्ये एक शनिवार आहे. त्या दिवशी चर्चमध्ये दिवसा मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, नसते. वेदी उघडी, दिवा विझलेला. शिष्यांना तो मधला शनिवार आहे हे माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी सगळं संपलेलं होतं. लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोघे जण यरुशलेमेहून अम्माऊसला निघालेत, साधारण अकरा किलोमीटरची वाट. येशू सोबत चालू लागतो, त्यांना ओळखू येत नाही. ते त्यालाच सांगतात, ‘अशी आमची आशा होती.’ होती! मी ती ओळ फेरीबोटीत वाचली. अपघातानंतर चार महिने मी बोटीत पाय ठेवला नव्हता, तो पहिला दिवस. येशू त्यांना आधी बोलतं करतो, सगळं ऐकून घेतो. झापतो ते नंतर. मग शास्त्र उलगडून सांगतो, आणि तरी ते त्याला ओळखतात ते भाकर मोडताना, जेवणाच्या पाटावर. तेव्हा आशा ‘वाटत’ नाही म्हणून घाबरू नका. चालत राहा आणि सोबतीला कुणी आलं तर त्याला घरात घ्या.

दिवस आधीच ठरवून ठेवा. आपल्याकडे तेरावं नाही, पण सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा असते. वाढदिवस, नाताळ आणि पहिला पाऊस हे आपले आपण सांभाळायचे. पहिल्या नाताळला आम्ही येशूजन्माचा गोठा मांडला, दारात नक्षत्र (चांदणीचा कंदील) लावलं नाही. कुणी विचारलं नाही.

आता शेवटचं, जे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गोव्यातल्या बऱ्याच चर्चच्या दफनभूमीत जागा अपुरी असते. काही वर्षांनी कबर उघडतात आणि हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. आम्हाला निरोप आला चौथ्या वर्षी. लोक म्हणाले, आईने जाऊ नये. मी गेले. खणणाऱ्या माणसाने प्रत्येक हाड हाताने पुसून पांढऱ्या कापडावर ठेवलं, घाई न करता, बाळाचे कपडे घडी करावेत तसं. मग त्याने एक धातूची पट्टी वर काढली, सहा स्क्रूंची. नववीत फुटबॉल खेळताना माझ्या मुलाचं कॉलरबोन मोडलं होतं, तेव्हा बसवलेली. “ही टाकू?” त्याने विचारलं.

मला थोमा आठवला, वण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते, पुसले गेले नव्हते. मी म्हटलं, “नको. त्याच्याबरोबरच ठेव.” त्या रात्री वहीतली कोरी ओळ पुन्हा उघडली. सात महिन्यांनी तिथे मी काहीतरी लिहिलं होतं खरं, पण ते एका प्रवचनातलं होतं. ते खोडून खाली लिहिलं, “पट्टीसकट ओळखशील ना?”

तुमच्यावर ही वेळ आली तर जाऊ शकलात तर जा. कापड घरचं न्या, धुतलेलं, सुती. सोबत रडणारं नको, हात धरणारं एक माणूस घ्या. आणि २ नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या दिवशी, मेणबत्त्या काचेच्या ग्लासात न्या. आमच्याकडे वारा नदीवरून येतो, उघडी ज्योत टिकत नाही. दोन-तीन जास्तीच्या ठेवा, शेजारच्या कोनाड्यांकडे कुणी फिरकलेलं नसतं.