लांब इंग्रजी शब्दाचे अवयव आणि त्यावरचा आघात कसा ओळखावा

नागपुरात सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे जाणाऱ्या मेट्रोत बसले, की सरावाला पाट्याच पुरतात. ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ हे स्थानकाचे नाव घ्या. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच जोर देतो. इंग्रजीत मात्र शब्दाच्या एका अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, मुख्य आघात पडतो आणि तो चुकला तर बाकी उच्चार नीट असूनही ऐकणारा गोंधळतो.

आधी स्पेलिंग बाजूला ठेवून कानाने स्वर मोजावेत. हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हणावा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल, साधारणपणे तितके अवयव. ‘इन्-स्टि-ट्यू-शन’ म्हणताना ती चारदा खाली येते. ‘इंटरचेंज’च्या स्पेलिंगमध्ये चार स्वराक्षरे आहेत, पण शेवटचा ई मूक असल्यामुळे अवयव तीनच होतात. तोडताना एकटे व्यंजन बहुधा पुढच्या स्वराकडे द्यावे आणि जोडीतली व्यंजने दोन्हीकडे वाटावीत. तोडणीची जागा कोशागणिक थोडी बदलते; त्याची चिंता करू नये.

मग शब्दाची शेपटी पाहावी, कारण लांब शब्दांत आघाताची जागा बरेचदा तीच ठरवते. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल, तर आघात बहुतेकदा त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर येतो. म्हणून ‘इन्स्टिट्यूशन’मध्ये जोर ‘ट्यू’वर. ‘इंजिनिअर’मध्ये मात्र शेवटच्या ‘निअर’वरच. ‘अरिथ्मेटिक’ हे नाम ‘इक’चा नियम मोडते, तिथे जोर ‘रिथ’वर असतो.

प्रत्यय लागला, की आघात सरकतो. ‘म्युनिसिपल’मध्ये तो ‘नि’वर आहे, ‘म्युनिसिपॅलिटी’ होताच ‘पॅ’वर जातो. इंग्रजी न शिकलेल्या आपल्या आजीने या सहा अवयवांच्या शब्दाचे ‘मुन्सिपाल्टी’ केले, तेव्हा आघाताचा ‘पा’ तिने ठसठशीत ठेवला आणि ‘नि’ व ‘लि’ यांचे स्वर गाळले. कानाने शब्द घेणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

शेवटी कोश उघडावा. उच्चारात ज्या अवयवाच्या आधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असेल, त्यावर मुख्य आघात. खालच्या बाजूची रेघ दुय्यम आघाताची. मुख्य आघाताचा अवयव लांबवून, किंचित वरच्या सुरात म्हणावा आणि बाकीचे हलके सोडावेत.