मोठी स्क्रीन की छोटा फ्लॅगशिप? फोन घेताना या चुका टाळा

दिवाळीचा सेल आटोपला की माझ्या रिपेअरिंगच्या काउंटरवर फुटलेल्या फोनांइतकेच चुकलेले फोन येतात. फोन कोरा करकरीत असतो, मागचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं, आणि माणूस विचारतो, "हा बदलून मिळेल का हो?" बहुतेक वेळा परत करायची मुदत तेव्हा उलटून गेलेली असते. कुणी पंधरा हजारांत मिळतेय म्हणून मोठ्यात मोठी स्क्रीन उचललेली असते, कुणी भाव उतरला म्हणून छोटा फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरच्या दर्जाचा फोन. घेण्याआधी तो फोन हातात धरून पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो.

इंच वाढले म्हणजे अक्षर वाढलं असं समजणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती बहुतेक वेळा आईवडिलांसाठी फोन घेताना होते. "बाबांना नीट दिसत नाही, मोठी स्क्रीन द्या." हेतू चांगला, पण हिशेब चुकतो.

स्क्रीनचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. फोन उंच झाला की हा आकडा वाढतो, रुंदी वाढेलच असं नाही. पूर्वी स्क्रीनचं प्रमाण १६:९ असायचं, आता बहुतेकांचं २०:९ च्या आसपास असतं. त्यामुळे जुनी ५.५ इंची स्क्रीन रुंदीला साधारण ६.८ सेंटिमीटर भरते आणि आजची ६.७ इंची साधारण ७ सेंटिमीटर. आकड्यात जवळजवळ सव्वा इंचाचा फरक दिसतो, रुंदीत जेमतेम एक-दोन मिलिमीटर! ६.१ आणि ६.७ या दोन नव्या फोनांत तरी किती? जेमतेम सहा मिलिमीटर.

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी आहेत. जमिनीची सगळी कागदपत्रं ते फोनवर बघतात. त्यांच्याकडे २०१७ सालचा रेडमी नोट ४ होता, ५.५ इंची, फुल एचडी. बॅटरी बसली म्हणून पुण्याहून मुलाने ६.७ इंची नवाकोरा फोन पाठवला. आठवड्यात गुरुजी दोन्ही फोन घेऊन दुकानात हजर. म्हणाले, "जुन्यावर सातबारा वाचता येत होता, नव्यावर गट नंबर लागत नाही. माझे डोळे गेले की फोन?"

मी दोन्हींवर तोच उतारा उघडला आणि शेजारी शेजारी ठेवले. पीडीएफचं पान स्क्रीनच्या रुंदीला बसतं, त्यामुळे अक्षराचा आकार दोन्हींकडे जवळपास सारखाच होता. पट्टी लावून गुरुजींना दाखवलं तेव्हा त्यांना पटलं. खरा फरक मात्र ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा होता. जुन्या फोनच्या रुंदीत १०८० ठिपके, नव्याच्या रुंदीत ७२०. म्हणजे इंचाला जुन्यावर चारशे, नव्यावर दोनशे साठ. इंग्रजी अक्षर एवढ्यात कसंबसं निभावतं. आपल्या लिपीत रफार, रुकार, अनुस्वार, जोडाक्षरं, सगळं एका अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी. बारीक छपाईत 'क्र' आणि 'कृ' ओळखू येईनात, तीन आणि सहा सारखेच दिसायला लागले. गुरुजींचे डोळे ठणठणीत होते.

त्यांच्या जुन्या फोनला नवी बॅटरी घालून दिली आणि तो कागदपत्रांसाठी ठेवायला सांगितला. नव्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फॉन्ट साइझ' आणि 'डिस्प्ले साइझ' दोन्ही वाढवले, ठळक अक्षरं चालू केली. व्हॉट्सॲप, मेसेज, कॉल लिस्ट एका मिनिटात वाचण्याजोगी झाली. हे सेटिंग प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. अँड्रॉइड १४ पासून तर अक्षर दुपटीपर्यंत मोठं करता येतं. नवा फोन घेण्याआधी घरातल्या जुन्या फोनवर हे करून बघा. कितीतरी जणांचा खर्च इथेच वाचतो. पण पीडीएफ आणि फोटो या सेटिंगला जुमानत नाहीत, तिथे ठिपकेच लागतात.

म्हणून खोक्यावर 'एचडी+' लिहिलंय की 'एफएचडी+', एवढं तरी वाचा. ७२० बाय १६०० आणि १०८० बाय २४०० यांतला फरक वाचणाऱ्या माणसासाठी फार मोठा आहे. मी गिऱ्हाइकाला डेमो फोनवरचे निसर्गाचे व्हिडिओ बघूच देत नाही. रोज जे वाचता ते उघडा म्हणतो: विजेचं बिल, पेपरची पीडीएफ, मुलीच्या शाळेची नोटीस. डोंगर आणि फुलपाखरं कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतात.

दिवसभर उन्हात असणाऱ्याने छोटा फ्लॅगशिप घेणं

आता उलटी चूक. "फ्लॅगशिप तो फ्लॅगशिप" असं मनात धरलेली तरुण मंडळी माझं ऐकतच नाहीत. कुरिअरचं काम करणारा एक मुलगा. त्याने हौसेने ६.१ इंची जुना फ्लॅगशिप सेकंडहँड घेतला. फोन उत्तमच होता, काम चुकीचं होतं. सकाळपासून मॅप चालू, पार्सलचं स्कॅनिंग, सतत फोन, ब्राइटनेस पूर्ण. छोट्या फोनमध्ये बॅटरीला जागाच कमी. सॅमसंगच्या गॅलक्सी एस२३ चंच घ्या, त्यात ३९०० एमएएच बसते, आणि बजेट फोनमध्ये आज ५००० सहज मिळते. त्यात सेकंडहँड फोनची बॅटरी आधीच थोडी थकलेली. दुपारी दोनला फोन मान टाकायचा. मग पॉवर बँक लावून, उन्हात, हँडलवरच चार्जिंग. फोन तापला की स्वतःला वाचवायला ब्राइटनेस उतरवतो, चार्जिंग मंदावतो. ऐन उन्हात मॅप दिसेना, म्हणून तो थांबून सावली शोधायचा. ज्याचे पैसे डिलिव्हरीवर ठरतात त्याला हे परवडत नाही.

वर कॅमेरा बिघडला. महागड्या फोनांच्या कॅमेऱ्यात ओआयएस असतं, म्हणजे हात हलला तर भिंग स्वतः सरकून फोटो स्थिर ठेवतं. मोटरसायकलच्या हँडलवर इंजिनची थरथर तासन्‌तास त्या नाजूक यंत्रणेला लागते. अ‍ॅपलने २०२१ सालीच आपल्या आयफोनबद्दल याची उघड सूचना दिली होती. या मुलाचा कॅमेरा उघडला की चित्र थरथरायचं आणि कानाला लावलं तर बारीक गुणगुण ऐकू यायची. दुरुस्तीचा आकडा सांगितला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

त्याला मी फोन विकायला लावला आणि ६.७ इंची, मोठ्या बॅटरीचा साधा फोन घ्यायला लावला. त्याला एचडी+ ही चालतं, कारण त्याला बाण आणि रस्त्याचं नाव दिसलं की झालं. पडला तर त्याची साधी एलसीडी स्क्रीन काही हजारांत बदलून होते. फ्लॅगशिपच्या महागड्या ॲमोलेड स्क्रीनला त्याच्या कितीतरी पट लागतात. हँडलवर महाग फोन लावू नका, हे मी येणाऱ्या प्रत्येक रायडरला सांगतो.

छोटा फ्लॅगशिप कुणी घ्यावा? जो पाच-सहा वर्षं फोन बदलणार नाही, घरात कमी उजेडात मुलांचे फोटो काढतो, एसटीत उभं राहून एका हाताने फोन वापरतो. १६८ ग्रॅमचा एस२३ आणि दोनशेच्या वर गेलेला मोठा फोन यांतला फरक दुकानात पाच मिनिटांत कळत नाही. करंगळीवर फोन टेकवून अर्धा तास वाचून बघा, मग कळतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

'८ जीबी + ८ जीबी रॅम' म्हणजे सोळा जीबी नव्हे. दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि स्टोरेज रॅमपेक्षा खूप संथ असतं. हा आकडा मी बघतसुद्धा नाही.

स्टोरेज ईएमएमसी आहे की यूएफएस, हे मात्र हमखास बघा. ईएमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं, यूएफएस दोन्ही एकदम करतं. नवेपणी फरक जाणवत नाही. वर्षभराने व्हॉट्सॲपच्या फोटोंनी फोन भरत आला की स्वस्त फोन 'हँग' होतो तो बऱ्याचदा यामुळेच. माणसं प्रोसेसरला शिव्या घालतात.

मागे तीन-चार गोल दिसले म्हणून भाळू नका. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारा) किंवा डेप्थ (मागचं धूसर करायला मदत करणारा) कॅमेरा असून नसल्यासारखाच.

उतरलेल्या भावातला फ्लॅगशिप घेताना अपडेटची वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजू नका, फोन बाजारात आल्यापासून मोजा. एस२३ फेब्रुवारी २०२३ चा, त्याला पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट, म्हणजे २०२८ ला संपणार. एस२४ आणि गूगलचा पिक्सेल ८ यांना सात वर्षांचा शब्द आहे. पैसे थोडे जास्त गेले तरी त्यातला घ्या. स्वस्त फोन घेताना हाच प्रश्न विक्रेत्याला विचारा. "येतात हो अपडेट" असं मोघम उत्तर मिळालं तर कंपनीच्या साइटवर स्वतः बघा.

'५जी' एवढं वाचून थांबू नका. काही स्वस्त फोन फक्त स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी पकडतात, तेव्हा तुमच्या सिमवर तुमच्या गावात ५जी चालतंय का हे त्याच मॉडेलवर बघून घ्या.

सेकंडहँड घेताना पैसे देण्याआधी आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) सरकारच्या संचार साथी ॲपवर टाकून तपासा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन दुकानात चालू दिसला तरी सिम घातल्यावर नेटवर्क पकडत नाही, आणि तो कुठलाही रिपेअरवाला चालू करून देऊ शकत नाही. बिल आणि खोकं मागा, खोक्यावरचा नंबर फोनमधल्या नंबराशी ताडून बघा. विकणारा घाई करत असेल तर दुसरा फोन शोधा, बाजारात पुष्कळ आहेत.