मुलीला ताकीद आणि मुलाशी मौन: लैंगिकतेविषयी घरात बोलण्याआधी

मुलांशी लैंगिकतेविषयी बोलण्यापूर्वी आईवडिलांनी एका कागदावर दोन रकाने आखून मुलीला आजवर काय सांगितले आणि मुलाला काय, हे लिहून पाहावे. बहुतेक घरांत मुलीच्या रकान्यात 'नीट बस', 'दिवेलागणीच्या आत ये', 'मुलांशी फार बोलू नकोस' अशा सूचनांची गर्दी होते आणि मुलाचा रकाना जवळजवळ कोरा राहतो. घराची अब्रू मुलीच्या अंगावर असते आणि मुलगे आपोआप शिकतात, ही न तपासलेली समजूत त्यामागे असते.

या समजुतीची झळ मुलग्यांनाही बसते. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ मधील देशव्यापी अभ्यासात लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगणाऱ्या बालकांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदाही अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. म्हणून नकोशा स्पर्शाबद्दल दोघांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगावे आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदतक्रमांक दोघांकडूनही पाठ करून घ्यावा. 'मुलीसारखा रडतोस काय' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावे, कारण ते ऐकत वाढलेला मुलगा स्वतःवरचा अत्याचार बहुधा कोणालाच सांगत नाही.

वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयांत होते, तेव्हा बोलणे त्याआधीच व्हायला हवे. पाळी म्हणजे काय, हे मुलालाही समजावे आणि झोपेत वीर्यस्खलन होणे हा आजार नाही, हे मुलीलाही कळावे. हा विषय आईवर सोपवून वडिलांनी बाजूला होणे मला घातक वाटते. वडील पाळीबद्दल सहज बोलले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

किशोरवयात आकर्षणाबद्दल बोलताना पालकांची खरी परीक्षा होते. मुलीला केवळ धोके सांगितले, तर तिला स्वतःची इच्छाही अपराध वाटू लागते. मुलाला केवळ सूट मिळाली, तर समोरच्या व्यक्तीचा नकार ऐकण्याची सवयच त्याला लागत नाही. आकर्षण दोघांनाही वाटते, नकार देण्याचा हक्क दोघांनाही आहे आणि तो मानण्याची जबाबदारीही दोघांची आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर 'माहिती घेऊन उद्या सांगतो' असे म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी आपणहून तो विषय काढावा.