साठी ते सत्तरी: मधल्या दहा वर्षांचा विमा
निवृत्तीनंतर ‘सरकारी कार्ड आहेच’ या भरवशावर राहू नका. आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांच्या रुग्णालयातल्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, वयाच्या 70 वर्षांनंतरच मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांचं संरक्षण. पण घरातले दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. ओपीडीची औषधं त्यात येत नाहीत. वय आधारवरून धरतात, म्हणून चुकीची जन्मतारीख आत्ताच दुरुस्त करून घ्या. ती एकदाच बदलता येते, तेव्हा जन्मदाखला नीट तपासूनच अर्ज द्या.

मधल्या वर्षांसाठी एक वाट आहे: ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) किमान 5 वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालात, तर वर्षाला 120 रुपयांत पती-पत्नी दोघांचे उपचार सुरू राहतात. हे अनेकांना माहीतच नसतं! खासगी पॉलिसी असेल तर सोडू नका. सत्तरीनंतर वय वंदनासोबत ती चालते.